यादीतलं शेवटचं मशीन

बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत वायरी, चार्जर आणि दिव्यांच्या माळांमधून वाट काढत फिरलात, तर कितीतरी काउंटरांवर बिलं करणारा संगणक दिसेल. त्याच्या पडद्यावर कोपऱ्यात 'अँटिव्हायरस अपडेट करा' अशी चौकट उघडते. समोर गिऱ्हाईक उभं असतं, त्यामुळे बोट 'नंतर'वर जातं. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. ऑफिसच्या नेटवर्कवर काम करताना माझंही भांडण या 'नंतर'शीच असतं.

हे भांडण जुनं आहे. १९८६मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' व्हायरस फ्लॉपीवर बसून हातोहात पसरला. औषधही तसंच हातोहात फिरलं. पुण्यात कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता संगणकांकडे वळले. दुरुस्तीला आलेल्या मशीनमध्ये व्हायरस निघायचे, म्हणून धाकटे भाऊ संजय यांनी ते काढणारे प्रोग्रॅम लिहिले. त्यातूनच नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर 'क्विक हील' उभं राहिलं. त्या काळी अपडेट म्हणजे नवी फ्लॉपी घेऊन एकेका मशीनपुढे जाऊन बसणं.

मग नेटवर्क आलं. आता एक सर्व्हर नव्या व्हायरसच्या खुणा उतरवून घेतो आणि बाकीच्यांना वाटतो. मला पडद्यावर हजेरीपटासारखी यादी दिसते : कोण ताजं, कोण मागे. रजेवर गेलेल्या माणसाचा लॅपटॉप हमखास मागे असतो.

एक मशीन मागे राहिलं तर काय बिघडतं? २७ जून २०१७ला 'नॉटपेट्या' युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच आत शिरला. तिथून तो मर्स्क या जहाज कंपनीत पोहोचला आणि उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं तिचं टर्मिनल ठप्प झालं. विंडोजमधलं भगदाड बुजवणारा अपडेट मार्चमध्येच आला होता. पण एका कच्च्या मशीनमधून चोरलेले पासवर्ड वापरून हा व्हायरस पक्क्या मशीनमध्येही घुसत होता.

म्हणजे सगळ्यांना एकदम अपडेट ढकलून मोकळं व्हावं? १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा सदोष अपडेट असाच एकदम गेला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन कोसळली. विमानं रखडली. दुरुस्तीसाठी कितीतरी ठिकाणी माणसांना पुन्हा एकेका मशीनपुढे जाऊन बसावं लागलं, अगदी फ्लॉपीच्या जमान्यासारखं.

म्हणून अपडेट आधी चार-पाच मशीनवर टाकायचा, दिवसभर बघायचं, मग बाकीच्यांना द्यायचा. त्यानंतरही यादीत जे मशीन मागे दिसेल, त्याच्या मालकाला फोन करायचा. सर्व्हर त्याचं नाव दाखवतो. फोन आपल्यालाच करावा लागतो.