बंड करा, हुद्दा मिळवा

दक्षिण सुदानात यादवी पुन्हा पुन्हा का पेटते? डिंका आणि नुएर जमातींचं वैर, एवढ्या उत्तरावर माझं समाधान होत नाही. स्वातंत्र्यापूर्वी मी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत, नाईलकाठच्या मलाकाल शहरात होतो. तिथं औषधं, धान्य बहुतेक परदेशी संस्थांचं. सरकारला लोकांची गरजच नव्हती. जवळजवळ सगळा महसूल तेलाचा. लोकांकडून कर घ्यायचा नाही, मग हिशेब कोणाला द्यायचा?

पैसा जायचा फौजेत. २००६च्या जुबा जाहीरनाम्यानं विरोधी सशस्त्र गट सैन्यात घेतले, म्होरक्यांना मोठे हुद्दे दिले. आम्ही एकेका बढतीसाठी वर्षानुवर्षं थांबलो. इथं बंड केलं की जनरल! हे पाहून पुढचा बंड करणारच.

२०११ला देश स्वतंत्र झाला. डिसेंबर २०१३ला राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि पदावरून काढलेले उपाध्यक्ष रिएक माचार यांच्या माणसांत लढाई जुंपली. २०१५ला करार, २०१६ला पुन्हा गोळीबार, २०१८ला पुन्हा करार. खुर्च्या वाटून घेतल्या पुढाऱ्यांनीच. निवडणूक मात्र पुढेच ढकलत नेली.

त्या युद्धात मलाकाल अनेकदा या हातातून त्या हातात गेलं. हजारो लोक जीव वाचवायला शांतिसेनेच्या तळावर आले आणि वर्षानुवर्षं तिथंच राहिले.