वळरी : तंजावरच्या शस्त्रागारातील फेकशस्त्र

तंजावर : तंजावरच्या राजशस्त्रागारातून मद्रासच्या सरकारी संग्रहालयात गेलेल्या वस्तूंमध्ये तीन वाकड्या काठ्या होत्या. त्यांपैकी दोन हस्तिदंती, तर एक लाकडी होती. संग्रहालयाचे तत्कालीन अधीक्षक एडगर थर्स्टन यांनी त्यांची नोंद करून ठेवली आहे. तमिळमध्ये या शस्त्राला ‘वळरी’ म्हणतात. भोसले घराण्याचे संस्थान 1855 मध्ये खालसा झाले; मात्र हे शस्त्र मुळात मराठ्यांचे नव्हे, ते कळ्ळर आणि मरवर या स्थानिक लढवय्या समाजांचे. कावेरीच्या भातखाचरांपेक्षा त्रिभुज प्रदेशाच्या दक्षिणेकडील पुदुकोट्टै, शिवगंगा या कोरडवाहू मुलखात त्याचा वावर अधिक होता.

वळरी चंद्रकोरीच्या आकाराची असते. ती कठीण लाकडाची, क्वचित लोखंडाची घडवीत. तिचे एक टोक जड आणि बाहेरची कड धारदार असे. हलके टोक हाती धरून ती खांद्यावरून काही वेळा गरगरा फिरवायची आणि लक्ष्यावर भिरकावायची, अशी पद्धत होती. ससे, रानकोंबड्या यांच्या शिकारीसाठीही ती वापरली जाई. डिस्क गोल्फमध्ये मित्रांबरोबर प्रथमच चकती फेकणाऱ्याला जो धडा मिळतो, तोच येथेही लागू पडतो. केवळ दंडातील जोर पुरत नाही; पुरेशी फिरकी नसेल तर वस्तू हवेत कलंडते आणि भलतीकडेच जाते.

ही विद्या शिकलेल्या एका नवशिक्याची हकीकत उपलब्ध आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी जेम्स वेल्श याला भालाफेक आणि वळरी शिवगंगेच्या चिन्न मरुदू यांनी शिकविली. इंग्रज तिला ‘कॉलरी स्टिक’ म्हणत. ‘कॉलरी’ हा कळ्ळर शब्दाचाच अपभ्रंश. निष्णात हातातून ती शंभर यार्डांच्या आत कोठेही अचूक पोहोचते, असे वेल्शने 1830 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत नमूद केले. त्याच आठवणींत पुढचा भाग आहे. 1801 च्या पाळेगार युद्धात वेल्श आपल्या या गुरूविरुद्ध लढला. जखमी अवस्थेत पकडल्या गेलेल्या चिन्न मरुदू यांना आणि त्यांचे बंधू पेरिय मरुदू यांना 24 ऑक्टोबर 1801 रोजी तिरुप्पत्तूर येथे फाशी देण्यात आली. जुन्या स्नेहाचा उल्लेख वेल्शने टाळलेला नाही, हे विशेष.

युद्धानंतर मद्रास सरकारने पाळेगारांना निःशस्त्र केले. विसाव्या शतकाच्या आरंभी थर्स्टन यांनी चौकशी केली, तेव्हा वळरी फेकणारे निष्णात आता उरले नाहीत, असे पुदुकोट्टै संस्थानच्या दिवाणांनी कळविले. शस्त्र मात्र घराघरांत होते. विवाहप्रसंगी वधू-वरपक्षांनी वळरीची देवाणघेवाण करण्याची प्रथाही काही कळ्ळर कुटुंबांत होती. एरवी ती देवघरात ठेवलेली असे आणि आयुधपूजेच्या दिवशी, म्हणजे आपल्याकडील खंडेनवमीला, बाहेर काढून घासूनपुसून स्वच्छ केली जाई.