अंतरसूचक यंत्रणा

पुढच्या वाहनाच्या किती जवळून आपण गाडी चालवतो आहोत, हे चालकाला गाडीतच दाखवणारी सोय. ती फक्त सांगते; ब्रेक चालकाच्याच पायाशी राहतो. पुढच्या गाडीप्रमाणे वेग आपोआप कमीजास्त करणारी ‘अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल’ ही वेगळी गोष्ट.

हे अंतर मीटरऐवजी सेकंदांत मोजतात: पुढची गाडी जिथून गेली, तिथे पोचायला आपल्याला लागणारा वेळ. ताशी ८० किमी. वेगात गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. ब्रिटनच्या ‘हायवे कोड’मधले किमान दोन सेकंद म्हणजे ४४ मीटर, ओल्या रस्त्यावर त्याच्या दुप्पट.

मोजणी रडार करते, नाहीतर समोरच्या काचेमागचा कॅमेरा. एकाच कॅमेऱ्याला अंतर कसे कळते? पुढच्या गाडीची चाके रस्त्याला टेकतात ती जागा, गाडी जितकी जवळ तितकी चित्रात खाली दिसते. त्यावरून अंतर काढून त्याला आपल्या वेगाने भागले की सेकंद मिळतात. जेरुसलेममध्ये १९९९ साली स्थापन झालेल्या मोबिलाय कंपनीने हीच रीत रूढ केली. तिच्या यंत्रणेच्या छोट्या पडद्यावर गाडीचे चित्र आणि सेकंदांचा आकडा उमटतो. मर्यादेच्या आत शिरलो की हिरवे चित्र लाल होते आणि बीप वाजतो.

खरी मेख ही मर्यादा ठरवण्यात आहे. बीप ऊठसूट वाजू लागला की चालक वैतागून तो बंदच करतो. शहरी गर्दीत तर सोडलेल्या जागेत लगेच एखादी दुचाकी घुसते, म्हणून कमी वेगात सूचना सहसा बंद ठेवतात.

अंतर राखण्याची सवय टिकते का, याबद्दल निष्कर्ष जुळत नाहीत. इस्रायलमधील २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मुद्दाम अधूनमधून चुकणारी यंत्रणा वापरली होती. तरीही चालक अंतराचा अंदाज नीट बांधायला शिकले आणि सहा महिन्यांनंतरही ते विसरले नव्हते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या ‘सेफकार’ प्रकल्पात मात्र सूचना चालू असेतो अंतर वाढले, ती बंद होताच फायदा बराचसा ओसरला. रोजच्या वापरासाठी दुसरा निष्कर्ष धरून चालणे शहाणपणाचे.

महाराष्ट्रात नागपूरच्या शहर बसगाड्यांत २०२१ साली सुरू झालेल्या ‘आयरास्ते’ प्रकल्पातून धडकेची पूर्वसूचना देणारी यंत्रणा बसवण्यात आली. अशा इशाऱ्यांच्या नोंदींवरून शहरातील धोक्याच्या जागा हेरणे, हाही त्या प्रकल्पाचा भाग होता.