खाट, गादी आणि कूस बदलणारे हात



माझ्या धाकट्या जावेच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. नऊ वर्षांचा आहे, बोललेलं सगळं कळतं, पण स्वतःहून कूस बदलता येत नाही. त्याच्यासाठी वरखाली होणारी खाट आणि नवी गादी घ्यायचं ठरलं, तेव्हा जो तो एकच सांगायचा, "चांगली मऊ गादी घ्या, लेकराला तेवढंच सुख." भावकीतल्या एक बाई मात्र म्हणाल्या, "ज्याचं त्याचं कर्म. एवढा खर्च कशाला?" या दोन्ही बोलण्यांवर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. मग आजारी माणसाच्या अंथरुणाचा इतिहास मिळेल तिथून वाचत गेले आणि उत्तर मिळालं. खाट घ्यायची ती मुलाला हलवण्यासाठी, नुसतं निजवून ठेवण्यासाठी नव्हे.

आधी आपल्या घरातलं पाहू. आज्जीच्या काळी आजारी माणूस असो की बाळंतीण, तिला सुंभाची बाज असायची. खालून हवा खेळायची, घाम सुकायचा, हा तिचा गुण. पण सुंभ सैल झाला की मध्ये झोळी पडायची. ज्याला स्वतः वळता येत नाही त्याची पाठ त्या झोळीत वाकडी होते आणि अंगाचा सगळा भार माकडहाडावर येतो. श्रीमंताघरी नवारीचा पलंग आणि सावरीच्या कापसाची गादी असे. ती मऊ खरी, पण वर्षभरात तिचे गोळे होतात, म्हणून पिंजाऱ्याला बोलावून कापूस पुन्हा पिंजून घ्यावा लागायचा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा पडल्या की घरातले समजायचे, आता दिवस भरत आले. त्या जखमा रोगाच्या नसतात, त्या दाबाच्या असतात, हे फार थोड्यांना ठाऊक होतं.

मांडी घालून बसलं की पायाला मुंग्या येतात आणि आपण लगेच पाय हलवतो. जे मूल हलू शकत नाही, त्याच्या हाडाखालची कातडी तशीच दाबून राहते, तिला रक्त मिळत नाही आणि काही तासांत ती आतून मरायला लागते. हा दाब कमी करायची धडपड हाच आजारी माणसाच्या खाटेचा इतिहास आहे.

१८३२ साली नील आर्नट नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने एक हौद कोमट पाण्याने भरला, त्यावर रबर लावलेलं कापड पसरलं आणि रोग्याला त्यावर निजवलं. पाणी अंगाच्या आकाराप्रमाणे दबतं, त्यामुळे भार एकाच हाडावर राहत नाही. आज मिळणारी पाण्याची आणि हवेची गादी याच कल्पनेची लेकरं.

औषधाच्या दुकानात खाट बघायला गेलं की 'फाऊलर' आणि 'सेमी फाऊलर' हे शब्द कानावर पडतात. मला आधी ते कंपनीचं नाव वाटलं होतं. जॉर्ज फाऊलर हे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधले शल्यचिकित्सक. पोटात पू झालेल्या रोग्याला पाठ उंच करून टेकवून ठेवावं, असं त्यांनी १९०० साली लिहिलं. तेव्हा त्यासाठी उशांचा ढीग रचायचे किंवा खाटेच्या पायाखाली ठोकळे ठेवायचे. १९०९ साली विलिस गॅच या दुसऱ्या अमेरिकन शल्यचिकित्सकाने खाटेचेच भाग पाडले. पाठीचा भाग वेगळा उचलायचा, गुडघ्यांचा वेगळा. आपण हँडल फिरवून जी खाट वरखाली करतो, ती या गॅचच्या खाटेचीच नात. दुकानात सेमी फाऊलर म्हणजे बहुधा फक्त पाठ उचलणारी एका हँडलची खाट, आणि फाऊलर म्हणजे पाठ आणि गुडघे दोन्ही उचलणारी.

खाट सुधारली, तरी माणसं वाचत नव्हती. पाठीचा कणा मोडलेले सैनिक जखमा चिघळून आणि लघवीच्या संसर्गाने मरायचे. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल इथे डॉ. लुडविग गुटमन यांच्याकडे अशा सैनिकांचा विभाग आला. त्यांनी नवी गादी शोधली नाही. त्यांनी नियम घातला की दर दोन तासांनी प्रत्येकाची कूस बदलायची, दिवसा आणि रात्रीही. जखमा भरायला लागल्या. मग त्यांनी या माणसांना बसवलं, चेंडू दिला, हातात धनुष्य दिलं. २९ जुलै १९४८ ला तिथे व्हीलचेअरवरच्या खेळाडूंची धनुर्विद्येची स्पर्धा झाली, आणि पुढे त्यातूनच पॅरालिम्पिक उभं राहिलं. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेणारे मुरलीकांत पेटकर आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले, पेठ गावचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते अपंग झाले होते. दोन तासांनी कूस बदलण्यापासून निघालेली वाट अशी आपल्या उंबऱ्यापर्यंत येते.

कोल्हापुरात ही वाट नसीमा हुरजूक यांनी बांधली. सगळे त्यांना नसीमादीदी म्हणतात. ऐन तारुण्यात त्यांचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं. स्वतः व्हीलचेअरवर वावरणारे बाबूकाका दिवाण भेटले आणि त्यांनी त्यांना पुन्हा उभं केलं. पुढे दीदींनी नोकरी केली आणि १९८४ साली सहकाऱ्यांबरोबर 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था काढली. उचगावचं 'घरौंदा' वसतिगृह त्याच संस्थेचं. तिथली मुलं शाळेत जातात, व्हीलचेअरवरून कामं करतात. दीदींच्या आत्मचरित्राचं नाव 'चाकाची खुर्ची' आहे, हे मला फार बोलकं वाटतं.

आता आपल्या शास्त्राकडे येते. १९५५ साली कुंथलगिरीवर झालेली आचार्य शांतिसागर महाराजांची सल्लेखना आपल्याकडच्या थोरांच्या अजून बोलण्यात असते. सल्लेखना घेतलेल्या क्षपकाची शय्या कशी असावी, हे शिवार्यांच्या 'भगवती आराधना'त सांगितलं आहे. तिला संस्तर म्हणतात. तो भूमीचा, शिळेचा, फळीचा किंवा गवताचा असतो. तो सपाट असावा, जीवजंतू नसलेला असावा, योग्य मापाचा असावा आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा नीट पाहून शुद्ध केलेला असावा. शिवाय क्षपकाच्या सेवेला अठ्ठेचाळीस निर्यापक सांगितले आहेत. त्यांतल्या चौघांकडे त्याला उठवणं, बसवणं, कुशीवर वळवणं एवढंच काम. सल्लेखना आणि लहान मुलाचं आजारपण यांची बरोबरी मी करत नाही. तिथे निरोप आहे आणि इथे आयुष्य उभं करायचं आहे. पण अंथरूण म्हणजे माप, स्वच्छता, रोजची पाहणी आणि वाटून घेतलेले हात, हे आपल्या आचार्यांनी किती आधी ओळखलं होतं! आणि आपल्या घरात मात्र सगळं काम एकट्या आईवर असतं.

वैयावृत्त्य हे सहा अंतरंग तपांपैकी एक. ते कोणाचं करावं या यादीत तत्त्वार्थसूत्रात 'ग्लान' म्हणजे आजारी साधूही आहे. सोळाकारण भावनांतही वैयावृत्त्य आहेच. निर्विचिकित्सा अंगातली उद्दायन राजाची गोष्ट आपण पाठशाळेत ऐकली आहे. आजारी मुनीची ओकारी अंगावर झाली, तरी राजाला किळस आली नाही. मुलाचे कपडे, लाळ, लघवी काढणारी आई रोज तेच अंग पाळते. वेदना असातावेदनीयाची असेल, पण त्याच्या शेजारी बसलेल्या आपण काय करायचं, हे आपलं कर्म. खर्च कशाला, याला माझं उत्तर एवढंच आहे.

आता खरेदीचं. खाट घेताना चार गोष्टी पाहा.

पहिली, पाठ आणि गुडघे दोन्ही उचलता यायला हवेत. नुसती पाठ उचलली की मूल खाली घसरतं आणि माकडहाडाची कातडी आतून खेचली जाते. म्हणून आधी गुडघ्यांचा भाग थोडा उचला, मग पाठ. जेवताना मूल पुरतं बसतं असावं, आणि जेवणानंतर अर्धा तास तरी. आपण सूर्यास्तापूर्वी जेवतो, तेव्हा निजण्याआधी अन्न खाली उतरायला वेळ मिळतो. नियमाचा हा फायदा मुलालाही मिळू दे. एरवी पाठ फार उंच ठेवू नका.

दुसरी, उंची. अंघोळ, कपडे आणि कूस बदलणं आईला कंबर न वाकवता करता यावं, आणि मुलाला उचलून खुर्चीत नेताना खाट खुर्चीच्या बरोबरीला यावी. उंची बदलणारी खाट महाग पडते, पण आईची कंबर गेली तर त्या घराला दुसरी आई नसते.

तिसरी, कठडे. दवाखान्याच्या खाटा मोठ्यांच्या मापाच्या असतात. खाटेच्या फटीत डोकं अडकू नये म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ साली १२० मिलिमीटरची, म्हणजे पावणेपाच इंचांची मर्यादा सुचवली. लहान मुलाला तीही मोठीच. कठड्याला आतून जाळी किंवा गादीपट्टा बांधा, आणि गादी व कठडा यांच्यामध्ये फट राहू देऊ नका.

चौथी, गादी. अंग रुतवून घेणारा मेमरी फोम १९६६ साली नासाच्या कामातून निघाला. त्यात रुतलेल्या अशक्त मुलाला जी थोडी हालचाल जमते, तीही जमत नाही, आणि उकडतं. ज्याला थोडं वळता येतं, त्याला घट्ट, चांगल्या प्रतीचा फोम बरा. ज्याला अजिबात वळता येत नाही किंवा ज्याच्या कातडीवर लाली टिकते, त्याला पंपाने आळीपाळीने फुगणारी हवेची गादी लागते. ती फोमवर अंथरा, म्हणजे वीज गेली तरी मूल फळीवर येणार नाही. एक सोपी परीक्षा आहे. मूल निजलं असताना गादीखाली, कमरेच्या हाडाखाली तळहात सरकवा. हाड जवळजवळ हाताला लागलं तर ती गादी कामाची नाही. फिजिओथेरपिस्टला एकदा घरी बोलावून दाखवा.

मेणकापड सगळ्या गादीवर पसरू नका, पावसाळ्यात त्याखाली घाम साचतो. हवा जाणारं, पाणी न शोषणारं आवरण मिळतं. मध्ये भोक असलेली रबरी चकती पूर्वी सर्रास द्यायचे, पण ती कडेने रक्त अडवते, म्हणून टाळा. पोटरीखाली उशी ठेवली की टाच अधांतरी राहते. मेंढीच्या कातड्याचे आणि पिसांचे प्रकार आपल्याला चालत नाहीत, आणि त्यांच्याविना काही अडत नाही. जखम झालीच तर काही ठिकाणी मधाची पट्टी लावतात. मधाचा त्याग असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, दुसऱ्या पट्ट्या असतात.

सकाळ-संध्याकाळ माकडहाड, खुबा, घोटे, टाचा आणि डोक्याची मागची बाजू पाहा. लाल डाग बोटाने दाबल्यावरही फिका पडत नसेल, किंवा सावळ्या अंगावर जागा गरम नि कडक लागत असेल, तर तिथे चोळू नका. भार काढा आणि डॉक्टरांना दाखवा.

आणि पैसे सगळे खाटेत घालू नका. दिवसा बसायला आधाराची खुर्चीही हवी. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची खुर्ची आणि व्हीलचेअर केंद्र सरकारच्या १९८१ पासूनच्या एडिप योजनेत मिळू शकते. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' विम्यात वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च मिळतो. त्यात सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता येतात. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड आधी करून घ्या.

खाट घरी आली की त्याच दिवशी एक कागद घ्या, कूस बदलायच्या वेळा लिहा आणि प्रत्येक वेळेपुढे घरातल्या एकेकाचं नाव घाला. आईचं नाव सगळ्यांत कमी वेळा आलं पाहिजे. बाबांचं, काकांचं, आजोबांचंही येऊ द्या. रात्री दोनच्या वेळेपुढे कोणाचं नाव आहे, ते आधी बघा.