घाऱ्या डोळ्यांची हौस आणि कॉन्टॅक्ट लेन्सचा इतिहास

आमची सारी नोकरी तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली, आणि आज आम्हाला बोलायचंय रंगीत कॉन्टॅक्ट लेन्सवर. कारण घरचंच आहे. आमच्या नातीने मैत्रिणीच्या लग्नासाठी करड्या लेन्स आणल्या. चष्म्याचा नंबर नाही, मग डोळे कशाला तपासायचे? दुकानदारानेही विचारलं नाही. लग्नाहून दमून आली आणि लेन्स न काढताच झोपली. सकाळी डोळा लालबुंद, उजेड सोसवेना. डॉक्टर म्हणाले, कॉर्नियाला जखम झाली आहे. वेळेत पोचलो म्हणून नजर वाचली, एक बारीक डाग मात्र राहिला. तेव्हापासून आम्ही या वस्तूचा इतिहास वाचतो आहोत.

त्यात पहिल्यांदा भेटला तो आमचाच माणूस, देकार्त. १६३७ साली त्याने प्रकाशशास्त्रावरच्या निबंधात एक कल्पना मांडली: पाण्याने भरलेली नळी डोळ्याला टेकवायची आणि तिच्या टोकाला वक्र काच बसवायची. कल्पना उत्तम, पण नळी लावून पापणी कशी मिटणार? डोळ्याला सतत मिटावं लागतं, हे कागदावरच्या डोळ्याला ठाऊक नसतं.

प्रत्यक्ष काच डोळ्यात बसली ती अडीचशे वर्षांनी. झुरिकच्या अडोल्फ फिकने १८८८ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. आधी ससे, मग स्वतःचे डोळे, मग मोजके रुग्ण. काच आणि डोळा यांच्यामध्ये तो द्राक्षशर्करेचं पाणी भरत असे. काही तासांनी डोळ्यापुढे धुकं येतं, हे त्याने प्रामाणिकपणे नोंदवलं. पुढच्याच वर्षी कील विद्यापीठात ऑगस्ट म्युलरने प्रबंध लिहिला. त्याला स्वतःला लांबचं फार कमी दिसे. त्याने केलेली लेन्स त्यालाच जेमतेम अर्धा तास सोसवे.

हे धुकं कशाचं? कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तर तो पारदर्शक आहे. लागणारा बराचसा प्राणवायू तो अश्रूंच्या थरातून, थेट हवेतून घेतो. त्यावर काच ठेवली की त्याचा श्वास कोंडतो. १९४८ साली अमेरिकेत केव्हिन टुओहीने फक्त कॉर्नियापुरती छोटी प्लास्टिकची लेन्स केली. ती हलकी होती, पण तिच्यातूनही प्राणवायू जात नव्हता. मग आला प्रागचा ओटो विख्टर्ले. १९६१ च्या नाताळात त्याने घरी, मुलांच्या खेळण्यातले सुटे भाग आणि सायकलचा डायनामो जोडून यंत्र बनवलं आणि पाणी धरून ठेवणारी मऊ लेन्स घडवली. अमेरिकेत तिला १९७१ मध्ये परवानगी मिळाली. काळे डोळे घारे दिसावेत अशा मऊ रंगीत लेन्स १९८० च्या दशकात बाजारात आल्या.

इथेच घोटाळा झाला. लेन्स हे औषधोपचाराचं साधन होतं. रंग चढताच ते बांगड्या-टिकल्यांच्या शेजारी जाऊन बसलं. अमेरिकेने २००५ मध्ये कायदा करून, नंबर नसलेल्या शोभेच्या लेन्सलाही वैद्यकीय साधन ठरवलं. कारण साधं आहे. डोळ्याला रंग कळत नाही. लेन्सची गोलाई आपल्या कॉर्नियाशी जुळते की नाही, एवढंच त्याला कळतं.

तर नवशिक्याने काय करावं? नंबर नसला तरी आधी नेत्रतज्ज्ञाकडून माप घ्यावं आणि लेन्स घालायला-काढायला तिथेच शिकावं. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. लेन्स बोटावर ठेवून पाहावी: कडा वाटीसारख्या सरळ उभ्या असल्या तर ठीक, बाहेर पसरल्या तर ती उलटी आहे. काजळ, मेकअप लेन्स घातल्यानंतर. आणि लेन्स काढल्यावरच मेकअप पुसावा. पहिल्या दिवशी काही तासच घालावी, पुढचं वेळापत्रक डॉक्टरांना विचारावं. झोपण्यापूर्वी, पोहण्यापूर्वी, रंगपंचमीला ती काढलेलीच बरी. लेन्सला नळाचं पाणी लावू नये, थुंकी तर नाहीच. पाण्यात अकांथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. १९८० च्या दशकात घरी मिठाच्या गोळ्यांचं पाणी करून लेन्स ठेवणाऱ्यांच्या डोळ्यांना त्याने जबर इजा केली, त्यातून हा नियम पक्का झाला. डबीतलं जुनं द्रावण रोज फेकावं, त्यातच नवं ओतू नये. डबी तीन महिन्यांनी बदलावी. मैत्रिणीची लेन्स घालू नये, आपली देऊ नये. रंगीत लेन्सचा मधला भाग पारदर्शक असतो. अंधारात बाहुली त्याहून मोठी झाली की नजर धूसर होते, म्हणून रात्री गाडी चालवताना जपावं.

डोळा दुखला, लाल झाला, उजेड सोसेना किंवा अंधुक दिसू लागलं, तर लेन्स लगेच काढावी आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. लेन्स आणि डबी सोबत न्यावी. जंतू कुठला ते तपासायला तिचा उपयोग होतो. घरातले उरलेले थेंब स्वतःच्या मनाने घालू नयेत.

हौस करू नका, असं आम्ही म्हणत नाही. आमची नात डोळा पूर्ण बरा झाल्यावर माप घेऊन आली, आणि परवा एका बारशाला पुन्हा लेन्स घालून गेली. रात्री दहाला आजीने हाक मारली, ‘काढल्यास का?’ ती म्हणाली, ‘कधीच!’ तरी आम्ही उठून डबी पाहून आलो. दोन्ही लेन्स डबीत होत्या.