१७. फेस्टेनबेर्ग्सग्रॉइट
बव्हेरियाच्या फ्रांकोनिया भागातले छोटे खेडे. येथील टीएसव्ही हा हौशी फुटबॉल क्लब १९७४ साली स्थापन झाला. लेखकाला अभिप्रेत असलेला सामना १४ ऑगस्ट १९९४ चा, जर्मन चषकाच्या पहिल्या फेरीतला. तिसऱ्या श्रेणीतल्या या संघाने त्या वर्षीच्या राष्ट्रीय विजेत्या बायर्न म्युनिकला १–० असे हरवले. रोलांड श्टाइनने डोक्याने मारलेला तो एकमेव गोल फ्रांकोनियात आजही आठवणीने सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. सामना गावात नव्हे, न्यूरेंबर्गमध्ये झाला. १९९६ मध्ये क्लबचा फुटबॉल विभाग तीनदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेल्या फ्युर्थच्या जुन्या क्लबात विलीन झाला. ‘ग्रॉइटर फ्युर्थ’ या नावातला पहिला शब्द याच गावाचा.