दापोडीच्या बागेतला चित्रकार



चातुर्मासात आपल्याकडे पालेभाजी बंद, पण एरवी मेथी निवडताना आपण एकेक पान उलटून बघतो, एखादी अळी-किडा राहू नये म्हणून. पानाची मागची बाजू आपल्याइतकी कोणी बघत नसेल असं मला वाटायचं. मग मुलाने लॅपटॉपवर दापोडीची चित्रं दाखवली. शिरा, लव, देठाचा वाक, सगळं जिथल्या तिथे.

पुण्याहून पिंपरीकडे जाताना हॅरिस पूल ओलांडला की दापोडी. १८२८ मध्ये गव्हर्नर माल्कमने तिथला कॅप्टन फोर्डचा बंगला सरकारसाठी घेतला आणि वनस्पतींची बाग केली. १८३८ पासून ती अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरकडे होती. औषधी झाडं वाढवायची, बाहेरची रोपं इथे जगतात का बघायचं, असं काम. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. जंगल तोडलं की झरे आटतात, हे त्याने तेव्हाच सरकारला कळवलं होतं. उन्हाळ्यात वेल्ह्याच्या वस्त्यांवर डोक्यावर हंडे घेतलेल्या बायका दिसतात, तेव्हा मला त्याची आठवण येते.

१८४७ ते १८५० मध्ये गिब्सनने ही चित्रं काढून घेतली. शंभराहून जास्त आहेत, आणि आज ती एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. चित्रकार इंडो-पोर्तुगीज होता, एवढंच सांगतात. नाव नाही.

मी बी.कॉम. झालेली, मला हे खटकलंच. माणसाला पैसे दिले, चित्रं घेतली, आणि नाव लिहायला शाई संपली? आपल्या जुन्या पोथ्यांत शेवटी लिहिणाऱ्याचं नाव असतं, लिहवून घेणाऱ्या श्रावकाचंही. (चित्रं काढणाऱ्याचं मात्र तिथेही क्वचितच, हे कबूल करते.)

गिब्सनला नावं ठेवता ठेवता माझी लोणच्या-पापडांची वही आठवली. पंचवीस वर्षांपूर्वी सासूबाई ओट्यापाशी बसून सांगत होत्या आणि मी लिहीत होते. त्यांना लिहिता येत नव्हतं. भोरमधल्या निम्म्या घरांत त्या वहीच्या झेरॉक्स गेल्यात, आणि पहिल्या पानावर फक्त माझं नाव आहे.

सासूबाई आता नाहीत. काल पहिल्या पानावर त्यांचं नाव वर लिहिलं. ज्यांच्याकडे झेरॉक्स आहे त्यांनीही लिहून घ्या: पार्वतीबाई.